पाणबुडीच्या स्नॉर्केलमध्ये हवेची वाट बंद झाल्यावर काय होते, ते आधी पाहावे

आपला आराखडा मी लक्षपूर्वक पाहिला. गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये चालवण्यासाठी एका माणसाची पाणबुडी, तिच्यात शेतातल्या पंपाचे पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन, हवेसाठी पाण्याच्या वर टोक राहणारा दोन इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, म्हणजेच स्नॉर्केल, आणि पाइपच्या टोकाला टाकीतल्यासारखा बॉलकॉक, अशी आपली योजना आहे. दोन इंची पाइप पुरेल का, एवढेच आपण विचारले आहे. पाइप पुरेल. परंतु लाट येऊन बॉलकॉक बंद झाल्यानंतर आत काय घडेल, याचा विचार आराखड्यात कुठेही दिसत नाही, आणि माझ्या मते जिवाचा धोका नेमका तिथेच आहे.

साधारण ५५० सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन १५०० आरपीएमवर दर दोन फेऱ्यांना एकदा हवा ओढते, म्हणजे मिनिटाला सुमारे ४०० लीटर. माणसाला लागणारी हवा या हिशेबात नगण्य आहे. आपल्या पाणबुडीत मोकळी हवा जास्तीत जास्त २००० लीटर राहील. वरची वाट बंद झाली तरी इंजिन थांबत नाही. ते आतलीच हवा ओढून एक्झॉस्टमधून बाहेर टाकत राहते आणि आतला दाब दहा सेकंदांत तीन टक्क्यांहून अधिक उतरतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना कानांना दडे बसतात, तेवढा दाबातला फरक इथे अर्ध्या मिनिटाच्या आत पडेल, आणि व्हॉल्व्ह उघडताच तो एका झटक्यात भरून निघेल. डच नौदलातील अधिकारी विखर्स यांनी १९३०च्या दशकात विकसित केलेली ही स्नॉर्केलची युक्ती १९४० मध्ये जर्मनांच्या हाती लागली आणि १९४३-४४ पासून त्यांच्या पाणबुड्यांवर बसू लागली. त्या पाणबुड्या आपल्यापेक्षा कित्येक पटींनी मोठ्या होत्या, तरीही लाटांनी व्हॉल्व्ह बंद झाला की खलाशांचे कान ठणकत असत.

कानांपेक्षा गंभीर गोष्टी पुढे आहेत. दहा सेकंदांनंतर दोन इंची तोंडावर सुमारे ६५० ग्रॅमची ओढ तयार झालेली असते. प्लास्टिकचा हलका गोळा तेवढ्या ओढीविरुद्ध खाली पडत नाही, त्यामुळे लाट निघून गेली तरी वाट बंदच राहते आणि ओढ वाढत जाते. त्याच वेळी ५० सेंटिमीटर व्यासाच्या, बाहेर उघडणाऱ्या झाकणावर बाहेरून ६५ किलोंच्या आसपास भार आलेला असतो; आतून ते उचलून पाहा म्हणजे कळेल. शिवाय आतला दाब कमी झाल्यामुळे एक्झॉस्टच्या जोडांमध्ये जराशी जरी फट असली, तरी धूर आत ओढला जातो. हवा अपुरी पडलेले डिझेल इंजिन कार्बन मोनॉक्साइडही जास्त सोडते, आणि त्या वायूला ना रंग असतो ना वास. म्हणून दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की डिझेलचा पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बैटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि हाताने उघडून दाब सारखा करता येईल असा एक छोटा कॉक, या तीन गोष्टींवाचून इंजिन सुरू करू नये.

दुसरा प्रश्न पाइप मोडण्याचा आहे. आपल्याकडच्या धरणांत बुडालेली झाडे वर्षानुवर्षे उभी असतात, आणि ढिवर बांधवांची जाळी तर असतातच. फांदीच्या धक्क्याने पाइप पाण्याखाली एक मीटरवर तुटला, तर दोन इंची तोंडातून सेकंदाला पाच-सहा लीटर पाणी आत येईल. म्हणजे मिनिटभरात ३०० लीटरहून अधिक, आणि पाण्याखाली असताना आपल्या पाणबुडीकडे एवढी तरंगण्याची शिल्लक नसते. त्यासाठी पाइप कवचातून जिथे आत शिरतो, तिथेच एक बॉल व्हॉल्व्ह बसवावा. विहिरीवरच्या पाइपलाइनला लावतात तसला गेट व्हॉल्व्ह इथे चालणार नाही, कारण त्याला बरेच फेरे द्यावे लागतात. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो. त्याची मूठ बसल्या जागेवरून, अंधारातही, हाताला लागली पाहिजे. पाइप मोडायचाच असेल तर तो या व्हॉल्व्हच्या वर मोडावा, यासाठी वरचा जोड मुद्दाम कमजोर ठेवावा. व्हॉल्व्हच्या खाली पाणी झेलणारा एक डबा द्यावा, म्हणजे उडालेले थेंब इंजिनात जाणार नाहीत. जीआय पाइपचे वजन मीटरला सुमारे पाच किलो भरते आणि ते सगळे वर येते. त्यामुळे पाणबुडी कलंडण्याची शक्यता वाढते, म्हणून वरचा भाग ॲल्युमिनियमचा करावा.

हे सर्व केले तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की पाण्याखाली इंजिन चालवूच नये. अमेरिकी नौदलातील निवृत्त अधिकारी जॉर्ज किट्रेज यांच्या के-३५० सारख्या छोट्या पाणबुड्या बैटरी आणि विजेच्या मोटरींवरच चालत. आपणही पाण्याखाली बैटरीच वापरावी आणि इंजिन फक्त पृष्ठभागावर, झाकणाची कड लाटेच्या बरीच वर असताना, चार्जिंगपुरते सुरू करावे. त्या वेळीही पंख्याने हवा खेळती ठेवावी, कारण चार्ज होताना लेड-ॲसिड बैटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. असे केल्यास आपला उंच पाइप मुळातच आखूड होईल आणि बॉलकॉकची गरजही उरणार नाही.