सांगलीतील नव्या रुग्णालयासाठी सामान वाहणाऱ्या स्वयंचलित गाड्या घ्याव्यात का?

सांगलीत बांधकाम सुरू होत असलेल्या आपल्या सहामजली, २०० खाटांच्या धर्मादाय रुग्णालयात चादरी, जेवण, औषधे आणि कचरा वाहण्यासाठी स्वयंचलित गाड्या आताच घ्याव्यात की ट्रॉल्यांवरच भागवावे, असे आपण विचारले आहे. मिरजेतील एका रुग्णालयाचे भांडार आणि उपकरणांची देखभाल मी पाहतो. माझ्या मते गाड्या आता घेऊ नयेत, मात्र त्या पुढे चालू शकतील अशी इमारत आताच बांधून घ्यावी. गाडी केव्हाही विकत मिळते, पण लिफ्टचा गाळा नंतर रुंद करता येत नाही.

जुन्या पद्धतीच्या गाड्या जमिनीत पुरलेल्या तारेच्या किंवा चिकटवलेल्या चुंबकीय पट्टीच्या मागाने चालत आणि वाटेत स्ट्रेचर उभे असले की ते हलेपर्यंत थांबून राहत. आताच्या गाड्या लेझर किरणांनी भोवतालचा वेध घेतात, आधी तयार केलेल्या नकाशाशी तो ताडून पाहतात आणि जागा असेल तर अडथळ्याला वळसा घालतात. पण जागा असते कुठे? भेटीच्या वेळेत आपल्याकडे कॉरिडॉरच्या दोन्ही कडांना नातेवाईक डबे आणि पिशव्या घेऊन बसलेले असतात, आणि माणूस समोर आला की थांबायचे हाच गाडीचा पहिला नियम असल्यामुळे ती तिथेच वाट मागत उभी राहते. आमचे मामा, म्हणजे वॉर्डबॉय, मात्र ‘सरका, सरका’ म्हणत ट्रॉली पुढे काढतात.

ही अडचण परदेशात इमारतीच्या आखणीतूनच सोडवलेली दिसते. स्कॉटलंडमध्ये लार्बर्ट येथे २०१० साली सुरू झालेल्या फोर्थ व्हॅली रॉयल रुग्णालयात मळके कपडे, कचरा आणि जेवण वाहणाऱ्या गाड्यांसाठी इमारतीच्या तळाशी स्वतंत्र मार्ग आहेत, त्यामुळे रुग्ण आणि नातेवाईक त्यांच्या वाटेत फारसे येतच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोमधील मिशन बे येथील विद्यापीठ रुग्णालय २०१५ मध्ये उघडले तेव्हा तेथे ‘टग’ नावाच्या २५ गाड्या होत्या, त्याही नव्या इमारतीबरोबरच आलेल्या. लार्बर्टचा नकाशा पाहून आपला वास्तुविशारद तळघर सुचवील, तर त्याला २०१९ चा पूर आठवून द्यावा; आयर्विन पुलापाशी कृष्णेने तेव्हा ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. लॉन्ड्री, चार्जिंगची जागा आणि विजेचे पॅनेल सांगलीत तरी जमिनीखाली नकोत. सामानाची वाट मागच्या बाजूने, पण पुराच्या पातळीच्या वर काढता येते.

सर्वांत अधिक लक्ष लिफ्टकडे द्यावे. गाडीला बटण दाबता येत नाही. ती बिनतारी जाळ्यावरून लिफ्टच्या नियंत्रकाला संदेश पाठवते, आणि त्यासाठी लागणारी जोडणी लिफ्टच्या कंपनीकडून निविदेतच मागून घ्यावी लागते. फक्त सामानासाठी एक लिफ्ट वेगळी ठेवता आली तर उत्तमच, कारण रुग्णाचे स्ट्रेचर, डॉक्टर आणि चादरींची गाडी एकाच लिफ्टपुढे उभी राहिली की गाडीचा क्रमांक शेवटचा लागणार आणि लागायलाही हवा. दारांचे उंबरे, फरशीतील सांधे, रॅम्पचा उतार आणि प्रत्येक मजल्यावर वाय-फाय यांचा विचारही याच टप्प्यावर व्हावा.

माणसे कमी होतील या हिशेबाने मात्र कोणी गाड्या घेऊ नयेत. बहुतेक गाड्या सामान नेतात, पण भरत नाहीत आणि उतरवत नाहीत. दोन्ही टोकांना कोणीतरी लागतेच, आणि आपला वॉर्डबॉय ट्रॉली ढकलण्याखेरीज रुग्णाला एक्स-रेला नेणे, सिलिंडर बदलणे अशी दहा कामे करतो. जड आणि ठरलेल्या वेळी होणारी ने-आण, म्हणजे कपडे आणि जेवण, एवढ्यापुरतीच गाडी शोभते. रक्ताचे नमुने तातडीने पोहोचवण्यासाठी हवेच्या दाबावर चालणारी नळी बरी. कचऱ्याचे रंगनिहाय वर्गीकरण २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार निर्मितीच्या जागीच व्हावे लागते, ते गाडी करून देत नाही, आणि कचऱ्याची ट्रॉली जेवणासाठी वापरू नये हे वेगळे सांगायला नको.

पुढे खरेदीची वेळ आली की विक्रेत्याला प्रात्यक्षिक रिकाम्या सभागृहात नव्हे, तर संध्याकाळी भेटीच्या वेळेत, आपल्याच लिफ्टमधून आणि भरलेल्या गाडीनिशी करायला लावावे. आगीची घंटा वाजल्यावर गाडी कोठे जाऊन थांबते तेही त्याच वेळी पाहावे. तिच्या संगणकप्रणालीच्या सुरक्षेची जबाबदारी करारात लिहून घ्यावी, कारण २०२२ मध्ये याच टग गाड्यांच्या प्रणालीत पाच त्रुटी उघड झाल्या होत्या, आणि त्या दुरुस्त होण्यापूर्वी बाहेरच्या माणसाला गाड्यांचा ताबा घेता येणे शक्य होते.