वाचक विचारतात : पिवळा रंग मळकट का दिसतो?

प्रश्न : ग्लॉस्टर ई.२८/३९ या विमानाची १/७२ प्रमाणातली प्रतिकृती करत आहे. पोटाकडचा पिवळा रंग चार हात देऊनही मळकट दिसतो, आणि जोडलेले विमान शेपटीवर बसते. काय चुकले असावे?

उत्तर : पिवळ्या रंगाची झाकणशक्ती मुळातच कमी असते, त्यामुळे खालचे करडे प्लास्टिक त्यातून डोकावते आणि रंगाला हिरवट झाक येते. आधी पांढऱ्या प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) सलग थर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच पिवळ्याचे पातळ हात द्यावेत. गडद हिरवा व मातकट तपकिरी हे वरचे रंग त्यानंतर. उलट क्रमाने गेल्यास पश्चात्तापच होतो. दिलेले हात मात्र बारीक पॉलिशपेपरने, पाणी लावून, उतरवावे लागतील.

शेपटीवर बसण्याचे कारण नाकाखाली एक आणि मागे दोन अशा तीन चाकांच्या रचनेत आहे; पुढे पुरेसे वजन नसेल तर विमान मागे कलते. १५ मे १९४१ रोजी इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे उडालेल्या या पहिल्या ब्रिटिश जेट विमानाच्या नाकात वजन ठेवायला जागाच नाही, कारण तेथे इंजिनासाठी हवा आत घेणारे तोंड असून तिचा मार्ग दुभंगून वैमानिकाच्या दोन्ही बाजूंनी मागे जातो. म्हणून शिशाचे छर्रे वैमानिकाच्या आसनाखाली, मुख्य चाकांच्या पुढेच चिकटवावेत. अंग जोडण्यापूर्वी दोन्ही भाग टेपने बांधून तोल पाहावा. तुमचे विमान जोडून झाले असल्याने पोटाला लहान भोक पाडून छर्रे आत सोडणे आणि भोक पुट्टीने बुजवणे, एवढाच मार्ग उरतो.

वर्तुळातला पिवळा ‘पी’ विसरू नका. ती ‘प्रोटोटाइप’ची, म्हणजे आद्य नमुना विमानाची, खूण आहे.