निवारागृहात काळजीवाहक म्हणून रुजू होण्याआधी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बीए झालंय, जिल्ह्याच्या गावी महिलांच्या निवारागृहात रात्रपाळीची काळजीवाहक म्हणून नोकरी मिळतेय, समुपदेशनाचं शिक्षण नाही, आई नको म्हणतेय आणि तिथे नेमकं काय करावं लागेल हे कोणी नीट सांगत नाही. मी अशाच एका संस्थेत अकरा वर्षं होते, आधी काळजीवाहक, मग गृहमाता. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

घे ही नोकरी. केस समुपदेशक बघतात, कोर्टाचं काम सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी आणि वकील बघतात. तुझ्या हातात येतात किल्ल्या. गेटची, कोठीची, औषधाच्या कपाटाची, बायकांचे मोबाइल ठेवतात त्या ड्रॉवरची. बाई ज्या घरातून उठून आलेली असते तिथेही किल्ल्या कुणाच्या तरी कमरेलाच होत्या. संस्थेचं दुसरं सासर व्हायला फार दिवस लागत नाहीत, आणि त्याची सुरुवात स्वयंपाकघराच्या दारातून होते.

आमच्याकडे एक बाई होती. रोज सकाळी दारात येऊन उभी राहायची, "ताई, आंघोळ करू का?" बाथरूम रिकामं, पाणी तापलेलं, तरी विचारायचीच. अजून अर्धा कप चहा हवा असला तर कप हातात धरून नुसती बघत राहायची. "विचारत जाऊ नका हो" असं मी पुष्कळदा सांगितलं, त्याने काही फरक पडला नाही. मग मीच तिला विचारायला लागले. उद्या पोहे करायचे की उपमा? खाट खिडकीपाशी हवी की भिंतीपाशी? पोराला यातली कुठली गोधडी? पहिले कितीतरी दिवस उत्तर एकच, "तुम्ही म्हणाल ते." दीड महिन्याने एका दुपारी मी ताट वाढत होते, तर म्हणाली, "मला दोडका नको. नाही आवडत मला." मी ते दैनंदिनीत लिहिलं. अधीक्षिकांनी विचारलं, हे कशाला लिहिलंस? म्हटलं, मॅडम, या महिन्यातली सगळ्यात मोठी नोंद आहे ही. आजही मला तसंच वाटतं.

रात्रपाळीत तुझ्या वाट्याला मुख्य काम येईल ते नवीन बाईला आत घेण्याचं. पोलीस गाडीतून आणतात, नाहीतर सखी केंद्रातून, म्हणजे छळ झालेल्या बायकांना तात्पुरता आसरा आणि मदत देणाऱ्या सरकारी केंद्रातून पाठवतात. तिथे साधारण पाच दिवसच राहता येतं, म्हणून पुढे आपल्याकडे. रात्रीचा एक वाजलेला, कडेवर मूल, पायात चप्पल नाही. सोबतच्या शिपायाला सहीची घाई असते. त्याच्यापुरती सही दे आणि त्याला मोकळं कर. मग पाणी, बाथरूम कुठे ते दाखव, मुलाला दूध, तिला गरम काहीतरी, साधी खिचडी चालते. अंगावर मार दिसत असेल, चक्कर येत असेल किंवा ती गरोदर असेल तर वाट बघू नकोस, अधीक्षिकांना उठव आणि दवाखाना गाठ. बाकी नाव-गाव-कारण सकाळी. "काय झालं?" हे तू विचारूच नकोस. तिने तेच चौकीत सांगितलेलं असतं, सकाळी समुपदेशकांना पुन्हा सांगायचं असतं. ती आपणहून बोलली तर ऐक, आणि ते चहाच्या वेळी दुसऱ्या बाईंपर्यंत जाऊ देऊ नकोस.

एकदा अशीच एक जण आली, हातात फक्त तांदळाचा स्टीलचा डबा. मी तो कोठीत ठेवायला घेतला तर झडप घालून ओढला तिने. तांदळाच्या तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मुलांचे जन्माचे दाखले, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि बँकेचं पासबुक होतं. चार महिने ती एकेक कागद त्या डब्यात लपवत होती. तेव्हापासून आलेल्या बाईच्या कुठल्याही सामानाला मी न विचारता हात लावला नाही.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्याच वर्षी संध्याकाळी लँडलाइनवर फोन आला. रडवेला आवाज, "मी तिचा भाऊ बोलतोय, आई सिरीयस आहे, एवढंच सांगा, ती बरी आहे ना?" मी म्हटलं, हो, बरी आहे. तेवढ्या एका वाक्याने ती कुठे आहे ते कळलं. दुसऱ्या दिवशी नवरा माणसं घेऊन गेटवर आला. त्या बाईला रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात हलवावं लागलं, मुलीची शाळा सुटली. म्हणून कुणाचाही फोन येवो, भाऊ असो, सरपंच असो, पत्रकार असो, उत्तर एकच: "इथे कोण आहे, कोण नाही, हे आम्ही फोनवर सांगत नाही." ती बाई तिथे नसली तरी हेच सांगायचं. एरवी "नाही" म्हणायचं आणि असली की गप्प बसायचं, याने लोकांना बरोबर कळतं. मोबाइलचंही तसंच. नवऱ्याने घेऊन दिलेल्या फोनवर त्याचंच गुगल खातं असतं आणि लोकेशन त्याला घरबसल्या दिसतं. फोन हिसकावून घेऊ नकोस, तिला समजावून तिच्यासमोर बंद कर आणि सकाळी जाणकार माणसाकडून खातं बदलून घे.

कायदा तुला पाठ नसला तरी चालेल, पण दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि त्याचे २००६ चे नियम यांत स्पष्ट आहे की आधी घटनेचा अहवाल नोंदवला नाही म्हणून निवारा नाकारता येत नाही, आणि तिची इच्छा असेल तर ती इथे आहे हे समोरच्याला कळवायचं नाही. रात्री कुणी "आधी तक्रार करून ये" म्हणून तिला परत पाठवायला निघालं तर तू हे ठामपणे सांगू शकतेस. दुसरं, मुलांची शाळा. बाप शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरतो. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. मुख्याध्यापकांना हे शांतपणे सांगितलं की बहुतेक वेळा काम होतं.

आणि ती परत जाईल. सगळ्या नाही, पण पुष्कळ जणी जातात, त्याच नवऱ्याकडे. तुला राग येईल, मला यायचा. पण निघताना तोंड फिरवलेलं तिच्या लक्षात राहतं, आणि पुढच्या वेळी जीवावर बेतलं तरी ती येत नाही. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस, तातडीची मदत) हे दोन नंबर तिच्याकडून तोंडपाठ करून घे, कारण चिठ्ठी घरच्यांना सापडते. कागदांच्या झेरॉक्स फाइलला राहू देत. गेटपर्यंत सोडायला जा. आमच्याकडे एक जण तिसऱ्यांदा आली आणि मग राहिली. आज तिची स्वतःची खानावळ आहे.

आईचं म्हणणं मला कळतं, माझ्याही घरी हेच झालं होतं. तिला सांग, १८६३ मध्ये पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला, तोच यशवंत. तू करणार आहेस ते काम तेव्हापासूनचं आहे.

पगाराचं स्पष्ट बोलून घे. अनुदान उशिरा येतं तेव्हा मानधन रखडतं, दोन-तीन महिन्यांची सोय हाताशी असू दे. नेमणूकपत्र लेखी घे, साप्ताहिक सुटी विचार. सुटीच्या दिवशी संस्थेचा फोन उचलू नकोस. पहिल्या वर्षी मी उचलायचे आणि झोप उडाली होती.

पहिल्या दिवशी गेलीस की एक काम कर. रात्री गेटला आतून कुलूप असतं, त्याची दुसरी किल्ली कुणाकडे असते ते विचार. गॅस पेटला, शॉर्टसर्किट झालं तर झोपलेल्या बायका-मुलांना तू एकटी बाहेर काढणार आहेस. कुणालाच सांगता आलं नाही तर त्याच संध्याकाळी, पाळी सुरू होण्याआधी अधीक्षिकांकडे जाऊन बस आणि किल्ली हातात घेऊनच ऊठ.