फ्रान्सच्या कोर्टातली ती खुर्ची कुणी पाहिलीय का?

या वेळी टपालात निम्म्याहून जास्त पत्रं शिक्षकांबद्दलचीच आलीत, शिक्षक दिन नुकताच होऊन गेला म्हणून असेल. त्यातली चार घेतोय. नावं छापू नका असं चौघांनीही कळवलंय, म्हणून फक्त गाव-जिल्हा.

दरवर्षी 5 सप्टेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज येतो. अमेरिकेत व्हीआयपी दोनच, शास्त्रज्ञ आणि शिक्षक. फ्रान्सच्या कोर्टात फक्त शिक्षकाला खुर्ची मिळते. जपानमध्ये शिक्षकाला अटक करायची तर पोलिसांना सरकारची परवानगी लागते, कोरियात तर शिक्षकाला मंत्र्यासारखे अधिकार! यात खरं किती? नातवाला काय सांगू? — निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

सर, नमस्कार. नातवाला सांगा की हे सगळं वाचायला छान आहे पण खरं नाहीये. फ्रान्समध्ये असा खुर्चीचा कायदा नाही, अमेरिकेत व्हीआयपींची सरकारी यादीच नाही आणि जपानमध्ये शिक्षकाने गुन्हा केला तर पोलीस त्याला इतरांसारखेच पकडून नेतात. मला गंमत याची वाटते की हा मेसेज सगळ्यात जास्त शिक्षकांच्याच ग्रुपवर फिरतो. म्हणजे आपल्याला इथे मान मिळत नाही हे दुखणं खरंय, त्यावरचं औषध तेवढं बनावट.

कोरियाचंच घ्या. तिथे जुनी म्हण आहे की शिक्षकाच्या सावलीवरसुद्धा पाय देऊ नये. 15 मे हा त्यांचा शिक्षक दिन, कोरियन भाषेची हंगुल लिपी बनवणाऱ्या राजा सेजोंगच्या जन्मदिनी. आणि त्याच देशात जुलै 2023 मध्ये सोलमधल्या एका प्राथमिक शाळेत तरुण शिक्षिकेने शाळेतच आत्महत्या केली, पालकांच्या तक्रारींचा जाच होता असं तिचे सहकारी सांगत होते. मग दर शनिवारी हजारो शिक्षक काळे कपडे घालून रस्त्यावर बसायला लागले, 4 सप्टेंबरला तर कितीतरी जणांनी रजा टाकून शाळाच थांबवल्या. त्यांचं म्हणणं पगाराबद्दल नव्हतंच. वर्गात मुलाला जरा दटावलं तरी पालक बालछळाची तक्रार करतात आणि चौकशी व्हायच्या आधीच शिक्षकाला वर्गाबाहेर काढतात, हे बंद करा एवढंच. त्याच महिन्यात कायदा बदलला. मंत्र्याचे अधिकार तर सोडाच, 2016 च्या लाचविरोधी कायद्यामुळे तिथे एखाद्या मुलाने आपल्या बाईंना स्वतः आणलेलं फूलसुद्धा द्यायचं नाही, वर्गाच्या प्रतिनिधीने सगळ्यांसमोर दिलं तर चालतं. (हा नियम मला थोडा आवडला खरं तर. आपल्याकडे काही इंग्रजी शाळांत शिक्षक दिनाच्या गिफ्टवरून पालकांच्या ग्रुपवर जे चालतं ते बघता.)

जपानमध्ये शिक्षकाला ‘सेन्सेई’ म्हणतात, आदराने म्हणतात, पण डॉक्टरला, वकिलाला आणि आमदार-खासदारालाही तेच म्हणतात. आणि 1971 चा एक कायदा आहे, त्यानुसार सरकारी शाळेतल्या शिक्षकांना ओव्हरटाइम नाही, त्याच्या बदल्यात पगाराच्या 4 टक्के वर मिळणार, मग तुम्ही महिन्यात दहा तास जास्त थांबा नाहीतर ऐंशी. शाळा सुटल्यावर बेसबॉलचा, बँडचा क्लब घ्यायचा, शनिवार-रविवार मॅचला मुलं घेऊन जायची, सगळं त्या 4 टक्क्यांत. पन्नासेक वर्षं हे असंच चाललं. आता 2025 मध्ये कायदा बदलून ते दरवर्षी एकेक टक्क्याने वाढवत 10 पर्यंत नेणार आहेत. पण तोवर तरुण पोरं या नोकरीकडे पाठ फिरवायला लागलेली.

मान खरंच कुठे आहे हे कुणी मोजलंय का, तर हो. 2018 मध्ये 35 देशांत लोकांना विचारून वार्की फाउंडेशन या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने यादी केली होती, त्यात चीन पहिला आणि ब्राझील शेवटचा. पण चीनचा मान काही सनातन वगैरे नाही बरं का, माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तिथे शिकल्यासवरल्या लोकांना, त्यात शिक्षक आलेच, ‘सडका नववा’ म्हणायचे, वर्गशत्रूंच्या यादीतला नववा नंबर. विद्यार्थ्यांनीच शिक्षकांना गळ्यात पाट्या घालून फिरवलं. मग 1985 पासून 10 सप्टेंबर शिक्षक दिन झाला आणि 1993 च्या कायद्यात लिहिलं गेलं की शिक्षकाचा सरासरी पगार सरकारी कर्मचाऱ्यापेक्षा कमी नसावा. म्हणजे एकाच देशात, एकाच पिढीने दोन्ही टोकं पाहिली.

मी शिक्षणसेवक आहे, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावरचा शिक्षक, महिना 16 हजार. मामेभाऊ जर्मनीत असतो, तो म्हणतो तिथल्या मास्तरला चार लाख मिळतात. खरंय का? जगात सगळ्यात जास्त पगार कुठे? — शिक्षणसेवक, नांदेड जिल्हा

तुमचा मामेभाऊ खोटं बोलत नाहीये. विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेची आकडेवारी दरवर्षी येते, त्यात लक्झेंबर्ग सगळ्यात वर असतं, पंधरा वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकाला वर्षाला 1 लाख डॉलरच्या पुढे. (तिथे लागायला लक्झेंबर्गिश, जर्मन आणि फ्रेंच तिन्ही भाषा याव्या लागतात, म्हणून लगेच बॅग भरू नका.) जर्मनीही वरच्या रांगेत, सुरुवातीलाच महिना 4 हजार युरोच्या पुढे.

पण ते रुपयात गुणून बघण्यात अर्थ नाही, तिथलं घरभाडं पण युरोतच द्यायचंय. मी दुसरं बघतो. त्याच गावात, तेवढंच शिकलेल्या दुसऱ्या माणसाला काय मिळतं? अमेरिकेत हा हिशोब इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ही अभ्यास संस्था बरीच वर्षं करतेय, तेवढ्याच शिकलेल्या इतरांपेक्षा सरकारी शाळेतल्या शिक्षकाला आठवड्याला साधारण 26 टक्के कमी मिळतात. डॉलरमध्ये बघितलं तर आपल्याला भरपूर वाटतं, पण तिथला मास्तर उन्हाळ्यात दुसरी नोकरी करतो, वर्गासाठी खडू-कागद-रंग स्वतःच्या खिशातून आणतो, आणि हे इतकं सर्रास चालतं की टॅक्समध्ये त्यासाठी 300 डॉलरची वजावटच ठेवलीय. 2018 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या सगळ्या 55 काउंट्यांमधल्या (म्हणजे जिल्ह्यांमधल्या) शाळा संपाने बंद पडल्या होत्या, शेवटी 5 टक्के वाढ घेऊनच शिक्षक वर्गात गेले.

जर्मनीत उलटं. तिथे बरेचसे शिक्षक ‘बेआम्टे’ असतात, म्हणजे आपल्या भाषेत पक्के सरकारी, पेन्शनवाले, काढून टाकणं जवळजवळ अशक्य. पण ते मिळायला मास्टर्सपर्यंत दोन विषय, मग दीड-दोन वर्षं शाळेत उमेदवारी, तीही साधारण दीड हजार युरोवर, मग सरकारी परीक्षा. थोडक्यात शिक्षणसेवक तिथेही आहे, त्याच्या पोटाला पुरेल इतकं देतात एवढाच फरक. आणि पक्कं झाल्यावर संप करायचा नाही! 2018 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हे कायम केलं, 2023 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही. आपले 2023 च्या मार्चमधले जुन्या पेन्शनच्या संपातले गुरुजी हे वाचून काय म्हणतील ते इथे छापता येणार नाही.

आता तुमचं. 2000 साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकला 3 हजार होते, मग 6 हजारांवर कितीतरी वर्षं अडकलं आणि 2023 पासून 16 हजार. तीन वर्षं झाली की 29,200 मूळ वेतन आणि वर भत्ते. म्हणजे शेजारच्या वर्गातल्या बाई तुमच्याइतकेच तास घेऊन तुमच्या तिप्पट-चौपट घरी नेत असतील. देशा-देशांतला फरक जाऊ दे, आपल्याकडे एकाच स्टाफरूममध्ये जर्मनी आणि नांदेड शेजारी-शेजारी बसून डबा खातात. त्यात विनाअनुदानितवाल्यांचा विषय काढला तर हे सदर पुरणार नाही.

फिनलंडमध्ये शिक्षकांना भरमसाट पगार म्हणून तिथलं शिक्षण चांगलं, असं एका भाषणात ऐकलं. बरोबर? — पालक, डोंबिवली

नाही. पगार ठीकठाक, विकसित देशांच्या सरासरीच्या आसपास. मात्र पहिलीला शिकवायलाही मास्टर्स लागतं आणि त्या कोर्सला अर्ज करणाऱ्यांतले थोडेच आत जातात. आणि एकदा आत गेलं की तपासायला कुणी येत नाही, शाळा तपासनीस हा प्रकारच त्यांनी 1990 च्या दशकात बंद केला. आपल्या एखाद्या गुरुजींना विचारा की वर्षभर तपासायला केंद्रप्रमुख नाही, ऑनलाइन माहिती नाही, पोषण आहाराचा हिशोब नाही, फक्त शिकवा, तर किती पगार कमी चालेल? मी दोघांना विचारलंय. दोघांनी आधी विश्वासच ठेवला नाही. वास्तविक शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसऱ्या कामाला शिक्षकाला जुंपायचं नाही, पण एकट्या निवडणुकीच्या नावाखाली मतदार यादीचं काम बारा महिने पुरतं.

मुलगी बारावीला 84 टक्के, डी.एड. करायचं म्हणते. घरचे म्हणतात नको, मास्तरकीत आता राम नाही. काय करू? — आई, धाराशिव

ताई, तिला बसवून पुढचा रस्ता कागदावर लिहून दाखवा. दोन वर्षं डी.एल.एड. (घरोघरी अजून डी.एड.च म्हणतात), मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, आणि भरती कधी निघेल हे पोर्टललाही माहीत नसतं, मग तीन वर्षं 16 हजार, जुनी पेन्शन नाही. घरच्यांना वाटते तितकी वाईट नोकरी नाहीये, पण लागेपर्यंत पाच-सात वर्षं जाऊ शकतात, तेवढ्या काळासाठी सोबत पदवी चालू ठेवायला सांगा, मुक्त विद्यापीठातून का होईना. हे सगळं बघूनही ती हो म्हणाली तर मग घरच्यांना मी समजावतो, त्यांचा नंबर संपादकांकडे देऊन ठेवा.