जुन्या जीन्सची शिलाई की धाग्याचे शास्त्र?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, जुन्या जीन्स उसवून जॅकेट आणि पिशव्या शिवते आणि पुढे पुनर्वापरातल्या साहित्यापासून कपडे तयार करण्याचेच काम करायचे म्हणते. तिला फॅशन डिझाइनला घालावे की हा नाद सोडायला सांगून इंजिनिअरिंगकडे वळवावे, असे आपण विचारले आहे.

तिच्या या एका इच्छेत दोन वेगळे व्यवसाय दडलेले आहेत. जुन्या कपड्याच्या कापडातून नवा कपडा बेतणे हे डिझायनरचे काम आहे. त्यासाठी पॅटर्न मेकिंग (मापाप्रमाणे कपड्याचे साचे आखणे) आणि कटिंगवर हुकूमत लागतेच; पण प्रत्येक तुकड्याचा आकार, रंग आणि झीज वेगळी असल्यामुळे एक जॅकेट देखणे होते आणि तशीच पन्नास करायची म्हटली की वेळेचा सगळा हिशेब कोलमडतो.

दुसरे काम कापड पुन्हा तंतूपर्यंत नेण्याचे आहे. ते मुळीच नवे नाही; इंग्लंडमधील बॅटली येथे 1813 च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचे सूत काढले जाऊ लागले होते. सुती कापड यंत्राने पिंजताना मात्र तंतू तुटून आखूड होतात, म्हणून सुताला बळकटी यावी यासाठी त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळावे लागते. पॉलिएस्टर वितळवून त्याचा पुन्हा धागा काढता येतो, तरी पुनर्वापराचे म्हणून विकले जाणारे बहुतेक पॉलिएस्टर कपड्यांपासून नव्हे, तर प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून बनते. टेरिकॉटसारख्या सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडातले दोन तंतू एकमेकांपासून सोडवणे तर त्याहून अवघड. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या 2017 च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या साहित्यापैकी 1 टक्क्याहूनही कमी भाग पुन्हा नव्या कपड्यांत येतो. हे गणित शिलाई मशीनवर सुटणारे नाही.

जॅकेटांविषयी आपण पानभर लिहिले आहे, पण माझे लक्ष वेधले ते ओघात आलेल्या एका तक्रारीने: ती मेणबत्तीवर धागे जाळून बघते आणि खोलीभर वास करते. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख ठेवतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो; कापड ओळखण्याची ही जुनी परीक्षा तिने आपण होऊन धरली असेल, तर तिचे कुतूहल धाग्यापर्यंत पोहोचले आहे. म्हणून माझा कल वस्त्र तंत्रज्ञानाच्या पदवीकडे आहे. इंजिनिअरिंगही त्यातच आले. पॅटर्न मेकिंग सोबत शिकता येते. उलट, डिझाइनच्या पदवीनंतर पॉलिमरचे, म्हणजे तंतू ज्या लांब साखळीसारख्या रेणूंचे बनतात त्यांचे, रसायनशास्त्र गाठणे फार कठीण जाते.

अर्ज भरण्यापूर्वी तिला एकाच मापाची, एकसारखी पाच जॅकेट शिवायला सांगावे आणि प्रत्येकाला लागलेले तास व वाया गेलेल्या कापडाचे वजन लिहून ठेवायला लावावे. पाचवे शिवतानाही तिला मापे आणि शिवणच खुणावत असेल, तर माझा सल्ला बाजूला ठेवून तिला निःशंकपणे डिझाइनला पाठवावे.