पंपाचं औषध छातीत गेलं पाहिजे

काका, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागायचा आजार, आहे म्हटल्यावर हातपाय गाळू नका. मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबलो, वर बिडी. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण बिडी सुटली की घसरण मंदावते. सगळ्यात आधी तेवढं करा.

पंपाची, म्हणजे तोंडानं औषध ओढायच्या इनहेलरची, सवय लागते म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. चूक होते ती ओढण्यात. मी वर्षभर औषध जिभेवरच मारत होतो की! पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबताना सावकाश आत ओढा आणि १० आकडे रोखून धरा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर आणखी सोपं. कॅप्सूलमधली पूड ओढायचं यंत्र असेल तर उलटं, जोरात ओढायचं. औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

चढावर दम लागला तर शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून हळू श्वास सोडा. फ्लूची लस दरवर्षी, आपल्याकडचा पाऊस लागायच्या आधी. चुलीचा धूरही टाळा, काकूंसाठीसुद्धा.

कफाचा रंग बदलला, दम वाढला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुणाचं ऑक्सिजनचं यंत्र आणून मनानं वाढवू नका. आपल्यासारख्या सीओपीडीवाल्यांतल्या पुष्कळांना रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्केच ठेवायचा, असं डॉक्टर ठरवून देतात.