केंटकीला येण्याआधी

बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन अमेरिकेत केंटकी राज्यात यायचंय, आईबाबा भुसावळलाच राहतील, तयारी काय करू, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही.

मुलीच्या शाळेचा फॉर्म मात्र जपून भरा. 'घरी कोणती भाषा बोलता' या रकान्यात मी 'मराठी' लिहिलं. लगेच इंग्रजीची चाचणी लागली. पोर बुजून गप्प बसली आणि वर्षभर तिला रोज वर्गातून उठवून वेगळं बसवलं. नागपुरात इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी! तो राग अजून गेलेला नाही. खोटं लिहू नका, पण पोरीला आधी नीट समजावून ठेवा.

एकटेपणा येतो. थंडीत जास्त येतो. निभतं.

मला खरं बोलायचंय ते इथल्याच लोरेटा लिन या कंट्री गायिकेच्या 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे 'कोळसा खाणकामगाराची मुलगी', या गाण्याबद्दल. १९७० सालचं गाणं, इथे रेडिओवर अजून लागतं. बाप रात्रभर व्हॅन लिअरच्या खाणीत आणि दिवसा मक्याच्या शेतात, कपडे घासून आईच्या बोटांतून रक्त, आणि हिवाळ्यात डुक्कर विकून पोरांना नवे जोडे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाडी कडेला घेतली. माझे बाबा घुग्घुसच्या खदानीत होते. रात्रपाळी करून आले की अंघोळीचं पाणी काळं व्हायचं.

लोरेटाही लग्नानंतर घर सोडून पार वॉशिंग्टन राज्यात गेली होती. तिचे वडील १९५९ मध्ये वारले. तिची पहिली रेकॉर्ड १९६० ची. म्हणजे हे गाणं त्यांनी ऐकलंच नाही. लेक्सिंग्टनहून दोनेक तासांवर बुचर हॉलोमध्ये तिचं लहानपणीचं घर जपून ठेवलंय. मी तिथे ओसरीवर बराच वेळ बसलो होतो.

माझ्या जन्मदाखल्यात नाव चुकलं होतं. ते दुरुस्त करायला बाबा मे महिन्यात चार वेळा चंद्रपूरला गेले. मी इकडून फोनवर चिडायचो, 'अजून झालं नाही का?' दाखला आला, मी लगेच पुढच्या कागदाला लागलो. दोन वर्षांनी बाबा गेले.

तुमचेही दाखले वडीलच आणत असतील. ते कचेरीतून दमून येतील, तेव्हा फोनवर कागदाचं नंतर विचारा. आधी विचारा, ऊन फार होतं का, काही खाल्लंत का.